गाडीला किती वजनाचा ट्रॅव्हल ट्रेलर झेपेल: स्टिकरपासून वजनकाट्यापर्यंतचा हिशेब

माहितीपत्रकात ठळक छापलेला ओढक्षमतेचा आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या गाडीचा नसतो. त्याच मॉडेलच्या जवळपास रिकाम्या गाडीचा तो असतो. आत चार माणसं बसली, डिकी भरली, छतावर कॅरिअर चढला की तेवढा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, त्या गाडीला झेपत नाही. आणि अडतं ते बहुतेक वेळा इंजिनपाशी नाही, पेलोडपाशी, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर किती भार वाहू शकते तिथे अडतं. म्हणून आम्ही हिशेब ओढक्षमतेपासून सुरू करत नाही, पेलोडपासून करतो. एका गाडीचा असा हिशेब पहिल्या स्टिकरपासून वजनकाट्यावरच्या पावतीपर्यंत इथे पूर्ण मांडला आहे.

गाडी मधल्या आकाराची, लॅडर फ्रेमवरची एसयूव्ही. छापील ओढक्षमता ३१५० किलो. डोळ्यांपुढे असलेला ट्रेलर पूर्ण भरल्यावर २८०० किलोचा. वरवर पाहता साडेतीनशे किलो शिल्लक. आकडेमोड संपली तेव्हा मात्र या गाडीमागे जोडण्याजोगा ट्रेलर २३०० किलोचा निघाला, आणि तिथेही फारशी मोकळीक उरली नाही.

दाराच्या चौकटीवर काय लिहिलं आहे

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर वजनाची पाटी दिसते. या गाडीच्या पाटीवर कमाल भारित वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, ३००० किलो होतं. पुढच्या एक्सलची मर्यादा १४५० किलो, मागच्याची १७५०. दोन्ही एक्सलची बेरीज ३२०० होते, तरी गाडी ३००० च्या वर नेता येत नाही. तीनही मर्यादा स्वतंत्र आहेत आणि तीनही एकाच वेळी पाळायच्या आहेत.

शेजारच्या टायरच्या स्टिकरवर पेलोड असतो. या गाडीत माणसं आणि सामान मिळून ६४० किलो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर हा आकडा छापलेला असतोच, आणि तो मॉडेलचा नसून त्याच गाडीचा असतो. सनरूफ, मोठी चाकं, विजेवर हलणाऱ्या सीट, जे जे कारखान्यातून बसून आलं त्याचं वजन त्यातून आधीच वजा झालेलं असतं. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या पेलोडमध्ये मोठा फरक पडू शकतो, आणि सगळ्या सोयींनी सजलेल्या महागड्या श्रेणीचा पेलोड नेमका कमी निघतो. नंतर बाहेरून बसवलेली पायरी, संरक्षक दांडा, जाड मॅट यांचं वजन मात्र त्यात धरलेलं नसतं. ते आपण वजा करायचं.

युरोपीय पद्धतीच्या पाटीवर पेलोड छापलेला नसतो. तिथे एकाखाली एक चार आकडे असतात: गाडीचं कमाल वजन, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, पुढचा एक्सल, मागचा एक्सल. पेलोड वजाबाकीने काढावा लागतो, आणि तिथे एक खाच आहे. कागदपत्रांतल्या चालू स्थितीतल्या वजनात ७५ किलोचा चालक आणि नव्वद टक्के भरलेली इंधनटाकी धरलेली असते. चालकाला पुन्हा मोजलं तर हिशेब ७५ किलोने चुकतो.

गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, म्हणजे जीसीडब्ल्यूआर, या गाडीच्या दारावर नव्हतं. ते मॅन्युअलच्या टोइंगच्या, म्हणजे ट्रेलर ओढण्याच्या प्रकरणात सापडलं: ५७०० किलो. ते प्रकरण सगळं वाचायचं. इंजिन, मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर, दोनचाकी की चारचाकी चालना, टोइंग पॅकेज आहे की नाही, यानुसार तक्त्याची ओळ बदलते. टोइंग पॅकेजमध्ये केवळ हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा सांधा, नसतो. त्यात बऱ्याचदा मोठा रेडिएटर किंवा ट्रान्समिशन ऑइलचा वेगळा कूलर असतो. तो नसलेल्या गाडीला बाहेरून हिच जोडून घेतला, म्हणून वरच्या ओळीतली क्षमता मिळत नाही.

एक स्टिकर बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, कारण तो वाकल्याशिवाय दिसत नाही. मागच्या बंपरखाली हिचच्या रिसीव्हरवर, म्हणजे बॉल माउंट ज्यात खुपसतात त्या नळीवर, तो असतो. या रिसीव्हरवर आकड्यांच्या दोन जोड्या होत्या: वजन विभागणाऱ्या दांड्यांशिवाय (त्यांचं काम पुढे येतं) ट्रेलर २२७० किलो आणि हिचवर उभा दाबणारा भार २२७, दांड्यांसह ३१५० आणि ३१५. हे ३१५ पुढे महत्त्वाचं ठरतं. बॉल, तो ज्यावर बसतो तो बॉल माउंट आणि बॉलवर बसणारा ट्रेलरचा कपलर यांवरही आपापले आकडे ठोकलेले असतात, आणि सगळ्यांत लहान असेल तोच लागू. बॉलचा व्यासही कपलरशी जुळायला हवा. दोन इंचांच्या बॉलवर दोन पूर्णांक पाच-सोळांश इंचांचा कपलर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उचकटू शकतो.

३१५० कुठून आला

अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं मानक २००८ मध्ये आलं. त्याआधी प्रत्येक कंपनी ओढक्षमता आपापल्या पद्धतीने ठरवत असे. मानक गाडीचा चांगला कस पाहतं. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा घाट सुमारे १८ किलोमीटरचा आहे. एसी पूर्ण चालू ठेवून, ३८ अंशांच्या उन्हात, तो चढताना वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. १२ टक्के चढावर थांबून पुन्हा पुन्हा पुढे आणि मागे निघून दाखवावं लागतं. ब्रेक, वळणावरची स्थिरता, हिचची मजबुती यांच्याही चाचण्या आहेत. इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यांचं थंड राहणं याबद्दल या आकड्यावर आम्ही भरवसा ठेवतो.

पण तो काढताना गाडीत प्रत्येकी ६८ किलोची फक्त दोन माणसं असतात, वजन विभागणारा हिच असेल तर त्याचे साधारण ३२ किलो, आणि हिचवरचा भार ट्रेलरच्या १० टक्के. आमच्या गाडीचं रिकामं वजन ३००० उणे ६४०, म्हणजे २३६० किलो. ५७०० मधून २३६०, १३६ आणि ३२ गेले की ३१७२ उरतात. छापील ३१५० हाच. म्हणजे तिसरा माणूस गाडीत बसताक्षणी हा आकडा कमी व्हायला लागतो.

पेलोडची वजाबाकी

इथे घाई करायची नाही. सगळा निकाल याच पायरीवर लागतो. माणसांचं वजन आठवून सांगितलेलं घ्यायचं नाही. कपडे-बुटांसह घरच्या काट्यावर उभं करून घ्यायचं. चौघांचं मिळून २१५ किलो झालं. डिकीत जे जाणार ते सगळं काट्यावर ठेवून ६० किलो भरलं: बर्फ भरलेली थंडपेटी, हत्यारांची पेटी, चाकांखालचे ठोकळे, जॅकखालच्या फळ्या. छतावरचा कॅरिअर आणि त्यातलं सामान २५ किलो. वजन विभागणारा हिच त्याच्या दांड्या, साखळ्या आणि बॉलसह ४० किलो. तो पोलादाचा असतो, गाडीवर लटकतो आणि पेलोडमधून जातो, तरी बहुतेक हिशेबांत हेच ४० किलो विसरलेले असतात. एकूण ३४०. ६४० मधून ३४० गेले, हिचवरच्या भारासाठी ३०० किलो राहिले.

ट्रॅव्हल ट्रेलरचा हिचवरचा भार, ज्याला टंग वेट म्हणतात, तो भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. १० टक्के ही खालची हद्द आहे, ठरवून गाठायचं लक्ष्य नव्हे. मागे जास्त सामान भरलेली बैलगाडी उलाळ होते, तशीच उलाळ झालेला ट्रेलर हिच वर उचलायला बघतो. मग मोठा ट्रक शेजारून गेला किंवा उतारावर वेग वाढला की तो डावी-उजवीकडे डोलायला लागतो, आणि एका ठरावीक वेगाच्या वर हे डोलणं आपोआप शमत नाही, प्रत्येक हेलकाव्यागणिक वाढतं. म्हणून आम्ही १३ टक्के धरून चालतो. ३०० भागिले ०.१३ म्हणजे सुमारे २३०० किलो. १५ टक्क्यांनी २००० येतात. १० टक्के धरून ३००० काढणं म्हणजे आकडा हवा तसा वाकवणं.

युरोपात ट्रेलरचे एक्सल मध्याजवळ असतात, टोइंगची वेगमर्यादा कमी असते, आणि साध्या मोटारींच्या हिचवर बहुधा ७५ ते १०० किलोच चालतात. तिथे ५ ते ७ टक्क्यांचा हिशेब चालतो. दोन पद्धतींतले आकडे एकमेकांत मिसळायचे नाहीत. युरोपातली ओढक्षमता आणि अमेरिकी पद्धतीचा हिचचा भार असा जोडलेला हिशेब धोकादायक होतो.

आता बाकीच्या मर्यादा. भरलेली गाडी २३६० अधिक ३४०, म्हणजे २७०० किलो. ५७०० मधून ते गेले की ट्रेलरला ३००० उरतात. या हिशेबात हिचवरचा भार वेगळा धरायचा नाही, तो ट्रेलरच्या वजनात आलेलाच आहे. रिसीव्हरच्या ३१५ किलोला ०.१३ ने भागलं की सुमारे २४२० येतात. म्हणजे ३१५० चा ट्रेलर १३ टक्के भाराने या रिसीव्हरवर कधीच बसणार नव्हता. एकूण पाहता ओढक्षमता ३१५०, जोड वजन ३०००, रिसीव्हर २४२०, पेलोड २३००. सगळ्यांत लहान आकडा खरा.

ओढक्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत ट्रेलर चालतो, असा एक ठोकताळा सर्रास सांगितला जातो. ३१५० चे ८० टक्के २५२०. तेवढा ट्रेलर घेतला असता तर १३ टक्क्यांनी हिचवर ३२८ किलो आले असते: पेलोड २८ ने आणि रिसीव्हर १३ ने ओलांडलेला. ठोकताळ्यातली टक्केवारी कमी-जास्त करून हे सुधारत नाही, कारण ती मुळातच चुकीच्या आकड्याची काढलेली आहे.

ट्रेलरचा कोणता आकडा धरायचा

विक्रेता सांगतो ते कोरडं वजन. त्यात पाणी नसतं, गॅस नसतो, बॅटरी बहुधा नसते, कधी छतावरचा एसी किंवा बाजूला उघडणारं कापडी छप्परही नसतं. कोरड्या वजनाचा ट्रेलर रस्त्यावर कधीच धावत नाही. आम्ही हिशेब नेहमी ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरने करतो. ज्याची सामानक्षमता गरजेपेक्षा फारच मोठी आहे अशा ट्रेलरपुरता अपवाद. तिथे खरं भरून तोलायचं.

निवडलेला ट्रेलर कोरडा १७६० किलोचा, जीव्हीडब्ल्यूआर २३००. मधल्या ५४० किलोंचं काय झालं पाहा. भरलेले दोन गॅस सिलिंडर ३४, बॅटरी २६, पाणी १२० लिटर म्हणजे १२० किलो. राहिले ३६०, आणि अंथरूण-पांघरूण, भांडी, धान्य, घडीच्या खुर्च्या, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, विजेची जाड केबल यांत ते संपले. कोरड्या स्थितीत हिचवर १७५ किलो लिहिलेले होते. सिलिंडर आणि बॅटरी दोन्ही ट्रेलरच्या नाकावर बसतात, पुढची सामानपेटीही तिथेच असते, त्यामुळे भरल्यावर तेच ३०० च्या घरात जातात. कोरडा हिचभार बघून ट्रेलर घेतलेल्यांची फसगत इथे होते.

तरफ

हिचवर ३०० किलो ठेवले म्हणजे मागच्या एक्सलवर ३०० वाढले असं होत नाही. बॉल मागच्या एक्सलच्या मागे असतो, त्यामुळे गाडी तरफेसारखी वागते. या गाडीत पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर २.९ मीटर, मागच्या एक्सलपासून बॉल १.२ मीटर. ३०० गुणिले १.२ भागिले २.९ म्हणजे सुमारे १२४ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात आणि तेही मागे येतात. मागचा एक्सल ४२४ ने वाढतो. माणसं-सामानासह तो आधीच १३७० होता, आता १७९४. मर्यादा १७५०. पेलोड काटेकोर पाळूनही मागचा एक्सल ओलांडला गेला, आणि पुढची चाकं हलकी झाल्याने स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक कमजोर झाले.

वजन विभागणारा हिच इथेच लागतो. त्याच्या दोन स्प्रिंगसारख्या दांड्या ट्रेलरच्या चौकटीला ताणून बांधल्या की मागच्या एक्सलवरचा काही भार पुढच्या एक्सलवर आणि काही ट्रेलरच्या एक्सलवर जातो. त्याने गाडीच्या दारावरची कोणतीही मर्यादा वाढत नाही. ट्रेलरच्या एक्सलकडे गेलेले किलो पेलोडमध्ये परत धरणारे लोक आहेत. आम्ही धरत नाही, ते सुरक्षेची मोकळीक म्हणून राहू देतो.

दांड्या किती ताणायच्या हे गाडीच्या मॅन्युअलवर अवलंबून आहे. काही कंपन्या पुढच्या एक्सलचं हरवलेलं निम्मं वजन परत आणायला सांगतात, काही पूर्ण, आणि काही गाड्यांना हा हिच लावायलाच मनाई आहे. जास्त ताणला तर मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या वळणावर गाडीची शेपूट निसटू शकते. काटा जवळ नसेल तर फूटपट्टी चालते: पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची सुट्या गाडीत ८७० मिलिमीटर, ट्रेलर जोडल्यावर ८९०, दांड्या ताणल्यावर ८८०, म्हणजे निम्मं परत आलं.

वजनकाट्यावर तीन वेळा

इथवरचं सगळं कागदी होतं. खरं काय ते काट्यावर कळतं. ज्या काट्याचे फलाट वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक एक्सलचं वजन सुटं मिळतं, असा शोधावा. एकच लांब फलाट असेल तर एकेक एक्सल वर चढवून पायऱ्यापायऱ्याने तोलता येतं, फक्त काटा चालवणाऱ्याला आधी विचारून घ्यायचं आणि जमीन सपाट हवी. टाकी पूर्ण भरलेली, सगळी माणसं आत, सगळं सामान जागच्या जागी. क्रम असा ठेवला: आधी दांड्या ताणून जोड गाडी (गाडी आणि ट्रेलर मिळून), मग दांड्या सैल करून तीच, मग ट्रेलर बाजूला लावून एकटी गाडी. हिचचं डोकं शेवटच्या तोलातही गाडीतच ठेवायचं आणि सोडलेल्या दांड्या डिकीत टाकायच्या, नाहीतर पहिल्या दोन तोलांशी तुलना होत नाही.

पावत्यांवर आलं ते असं. एकटी गाडी: पुढे १३३०, मागे १३७०. दांड्या सैल: पुढे १२१०, मागे १७९०, ट्रेलरचे एक्सल २०००. दांड्या ताणलेल्या: पुढे १२७०, मागे १७००, ट्रेलरचे एक्सल २०३०. दोन्ही जोड तोलांची बेरीज ५००० यायलाच हवी. आली नाही तर एखादं चाक दोन फलाटांच्या फटीवर उभं होतं.

एकट्या गाडीच्या आणि सैल दांड्यांच्या पावत्यांवरून हिचवरचा भार निघतो: १२१० अधिक १७९० उणे २७०० म्हणजे ३००. ट्रेलर ५००० उणे २७००, म्हणजे २३००. टक्केवारी १३. पुढच्या एक्सलचे १२० हरवले होते, ६० परत आले, म्हणजे निम्मे. मागचा एक्सल १७०० वर, मर्यादेच्या ५० किलो खाली. गाडी २९७० वर, ३० किलो खाली. काटे बहुधा १० किंवा २० किलोच्या टप्प्यांनी दाखवतात, त्यामुळे वजाबाकीने काढलेल्या हिचभारात वीसेक किलोंचा फरक धरायचा.

हिचभार घरीही मोजता येतो, आणि प्रत्येक प्रवासाआधी तो मोजावा असं आमचं ठाम मत आहे. घरचा काटा ३०० किलो घेत नाही, म्हणून एक मजबूत फळी आडवी टाकायची: एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोघांत ९० सेंटिमीटर अंतर. कपलरचा भार विटेपासून ३० सेंटिमीटरवर, पाइपच्या तुकड्यावरून उतरवायचा. काट्यावर त्याचा एक तृतीयांश येतो. फळीचा भार आधी शून्य करून घ्यायचा, ट्रेलर समतल ठेवायचा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे.

टायर, ब्रेक आणि चढ

मागच्या एक्सलवर १७०० म्हणजे प्रत्येक टायरवर ८५०. टायरवर लिहिलेला लोड इंडेक्स १०२ असेल तर तो बरोबर ८५० किलोच पेलतो, जराही शिल्लक नाही. ११० असेल तर १०६०. हे वजनही पुरेशा हवेतच पेललं जातं. हवा कमी तर क्षमता कमी. ट्रेलरच्या टायरवर चार आकडी तारीख असते: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. वापर कमी आणि उन्हात उभं राहणं जास्त असल्याने ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. त्यांतल्या अनेकांची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटर असते, गाडीची कितीही असो.

गाडीचे ब्रेक गाडीच्या स्वतःच्या वजनासाठी केलेले असतात. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. २३०० किलोच्या ट्रेलरबाबत तर प्रश्नच नाही. विजेच्या ब्रेकचा कंट्रोलर ताशी ४० च्या वेगाला कोरड्या सपाट रस्त्यावर लावून घ्यायचा: नुसता हाताचा खटका दाबल्यावर ट्रेलरने जोड गाडीला ठामपणे मागे धरलं पाहिजे, पण त्याची चाकं जाम होता कामा नयेत. ट्रेलर सुटला तर ब्रेक आपोआप लावणारी केबल गाडीच्या चौकटीला बांधायची, सुरक्षा साखळीला नाही.

चढाचा अंदाजही काढता येतो. ५००० किलोची जोड गाडी ६ टक्के चढावर ताशी ८० ने न्यायला फक्त उंची गाठण्यापुरतेच चाकांपाशी सुमारे ६५ किलोवॉट लागतात. वारा कापण्याचं वेगळं. ट्रेलरचं तोंड भिंतीसारखं सपाट आणि रुंद असतं. काही मॅन्युअल त्या समोरच्या क्षेत्रफळावरही मर्यादा घालतात, ती वजनाइतकीच पाळायची. ताशी ८० वरून १०० वर गेलं की वाऱ्याचा रोध दीडपटीहून वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती जवळपास दुप्पट होते. टर्बो नसलेलं इंजिन उंचीवर दर १००० मीटरला सुमारे दहावा हिस्सा शक्ती गमावतं. डोंगराळ प्रवास ठरलेला असेल तर जोड वजन त्या प्रमाणात कमी धरावं.

पाणी कुठे आहे

वजनकाट्याच्या पावत्या हातात आल्यावरही एक गोष्ट उरली होती. या ट्रेलरची पाण्याची टाकी एक्सलच्या एक मीटर मागे आहे, आणि बॉलपासून ट्रेलरचे एक्सल पाच मीटरवर. १२० किलो पाणी तिथे असताना हिचवरचा भार २४ किलोने कमी करतं. म्हणजे ३०० हा आकडा भरलेल्या टाकीचा होता. टाकी रिकामी झाली की ट्रेलर २१८० चा, पण हिचवर ३२४. रिसीव्हरची ३१५ ची मर्यादा ट्रेलर हलका होऊनही ओलांडली जाते. वापरलेलं पाणी एक्सलच्या पुढच्या टाकीत साठत असेल तर भार आणखी वाढतो, म्हणून निघण्याआधी ती टाकी रिकामी करायची.

उपाय साधा निघाला. पुढच्या सामानपेटीतलं ३० किलो सामान, मुख्यतः विजेची केबल, साखळ्या आणि डबे, एक्सलच्या बरोबर वरच्या कपाटात हलवलं. ती पेटी एक्सलपासून चार मीटर पुढे आहे, त्यामुळे हिचवरचे २४ किलो कमी झाले. आता टाकी भरलेली असताना २७६ किलो, म्हणजे १२ टक्के. रिकामी असताना ३००, म्हणजे पावणेचौदा टक्के. सामान पेटीतून मागच्या बंपरवरच्या रॅकवर नेलं असतं तरी भार घटला असता, पण टोकाला ठेवलेलं वजन डोलणाऱ्या ट्रेलरला आणखी जोर देतं. म्हणून हलवायचं ते एक्सलवर, मागे नाही. भार बदलल्यामुळे दांड्यांचा ताण पुन्हा लावून घेतला, कमानीची उंची पुन्हा मोजली, आणि टाकी भरलेली व रिकामी अशा दोन्ही स्थितींचे आकडे कपलरजवळच्या पत्र्यावर रंगाने लिहून ठेवले.